लिनक्स आवृत्तीचं वचन: पैसे देण्याआधी काय तपासायचं, वचन मोडलं तर काय करायचं

गेमसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याच्या, म्हणजे क्राउडफंडिंगच्या, पानावर विंडोज, मॅक आणि लिनक्स या संगणक-प्रणालींची तीन चिन्हं शेजारी शेजारी असतात, पण त्यांच्यामागचं काम क्वचितच सारखं झालेलं असतं. अनेक मोहिमांत विंडोजवरचा गेम थोडाफार चालत असतो आणि लिनक्सचं नाव फक्त यादीत असतं. पैसे देणाऱ्या पाठीराख्याला हा फरक दिसत नाही. त्याला दिसतं ते वचन, आणि पैसे तो त्यावरच देतो.

हे वचन तोलायला एक प्रश्न पुरतो: पहिला लिनक्स बिल्ड, म्हणजे चालवून पाहता येईल अशी प्रत, पाठीराख्यांच्या हातात कधी पडणार? अल्फापासून, म्हणजे पहिल्या कच्च्या चाचणीपासून, लिनक्स बिल्ड देणारा स्टुडिओ शेवटी लिनक्स आवृत्ती सहसा देतोच, कारण मोडतोड रोज दिसते आणि रोज दुरुस्त होते. ‘आधी विंडोज, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे शेवटी पैसाही उरत नाही आणि माणसंही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

२०१२ पासूनच्या मोहिमांत दोन्ही प्रकारची उदाहरणं भरपूर आहेत. ‘वेस्टलँड २’, ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’, ‘टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्युमेनेरा’ हे लिनक्सवर आले. ‘हॉलो नाइट’ विंडोजवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि लिनक्सवर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’ विंडोजवर जून २०१४ मध्ये निघाला, पण लिनक्सवाल्यांना डिसेंबर २०१५ पर्यंत थांबावं लागलं आणि त्यांना मिळाली ती सुधारित आवृत्ती. ‘कार्मागेडन: रीइनकार्नेशन’च्या २०१२ च्या मोहिमेत मॅक आणि लिनक्ससाठी वेगळा स्ट्रेच गोल, म्हणजे मूळ लक्ष्यापुढचं वाढीव लक्ष्य, होता. तो गाठला गेला, पण लिनक्स आवृत्ती आलीच नाही. ‘ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट’ने २०१५ मध्ये ५५ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली आणि डिसेंबर २०१८ मध्ये मॅक व लिनक्स दोन्ही रद्द केले. ‘फिनिक्स पॉइंट’चं लिनक्स २०१९ मध्ये गळालं. यातून एवढं स्पष्ट होतं की मोठी रक्कम जमली म्हणून लिनक्स आवृत्तीची खात्री होत नाही.

पहिली पायरी: वचनाचे शब्द वाचा

मोहिमेच्या पानावर लिनक्स हा शब्द शोधा आणि तो जिथे जिथे येतो ते प्रत्येक वाक्य स्वतंत्र वाचा. बहुधा चार प्रकार सापडतील.

‘विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हीवर एकाच दिवशी’ हे पूर्ण वचन. यात तारीख अडकलेली असते.

‘रिलीजनंतर लिनक्स’ हे मुदत नसलेलं कर्ज आहे. यापुढे महिना लिहिला नसेल तर ते कधी थकलं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि स्टुडिओला दर सहा महिन्यांनी ‘काम चालू आहे’ एवढं सांगून वेळ काढता येतो.

‘आमचं इंजिन लिनक्सला सपोर्ट करतं’ हे वाक्य इंजिनबद्दल, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधतात त्याबद्दल आहे; गेमबद्दल ते काहीच सांगत नाही. युनिटी या इंजिनने लिनक्सवर एक्सपोर्ट करायची सोय २०१२ च्या शेवटी, चौथ्या आवृत्तीत आणली. त्या काळातल्या कितीतरी मोहिमांच्या यादीत लिनक्स त्याच भरवशावर आलं होतं. अनरिअल ४ मध्येही २०१४ पासून लिनक्सची सोय आहे आणि ‘ब्लडस्टेन्ड’ त्याच इंजिनवर बांधला गेला. तरी तो लिनक्सवर आला नाही.

चौथा प्रकार स्ट्रेच गोलचा, आणि याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. लिनक्ससाठी वर चढवलेले पैसे वेगळ्या डब्यात ठेवले जात नाहीत. किकस्टार्टर ही क्राउडफंडिंगची साइट जमलेल्या रकमेतून ५ टक्के घेतं, पेमेंटचं शुल्क वेगळं, छापील पुस्तकं आणि टी-शर्ट वेगळे. उरलेली रक्कम एकाच खात्यात जाते आणि त्यातूनच पगार होतात. काम लांबलं की आधी मूळ गेम वाचवला जातो आणि कात्री शेवटी जोडलेल्या गोष्टीवर चालते. म्हणून मूळ यादीतलं लिनक्स आणि स्ट्रेच गोलमधलं लिनक्स यांना एकाच पारड्यात टाकू नका.

‘जोखीम आणि आव्हानं’ हा भागही शेवटपर्यंत वाचा. ज्या स्टुडिओने लिनक्सचा खरा विचार केलेला असतो त्याने तिथे लिनक्सची अडचण लिहिलेली असते. पानावर लिनक्सचं चिन्ह आहे आणि जोखमीच्या भागात त्याचा उल्लेखही नाही, तर तो विचार अजून व्हायचा आहे असं समजा.

दुसरी पायरी: इंजिनच्या पोटात काय आहे ते विचारा

इंजिनमधून लिनक्स बिल्ड काढणं हे काही मिनिटांचं काम असू शकतं. तो बिल्ड खेळण्याजोगा करायला महिने जातात, आणि अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

सर्वांत मोठी अडचण मिडलवेअरची, म्हणजे बाहेरून विकत घेतलेल्या तयार भागांची: व्हिडिओ वाजवणारा भाग, आवाजाचा भाग, ऑनलाइन खेळाची व्यवस्था, फसवणूक रोखणारी प्रणाली. यातल्या एकाचीही लिनक्स लायब्ररी मिळत नसेल तर इंजिन कितीही तयार असलं तरी गेम अडतो. ‘ब्लडस्टेन्ड’च्या घोषणेत मिडलवेअर आणि ऑनलाइन सुविधा सांभाळण्याची अडचण हेच कारण दिलं होतं. हे कारण खोटं नसतं, पण ते साडेतीन वर्षांनी कळण्यासारखंही नसतं. मिडलवेअर निवडलं जातं त्या दिवशी त्याच्या माहितीपत्रकात लिनक्स आहे की नाही हे दिसत असतं.

दुसरी अडचण फाइलांच्या नावांची. विंडोजवर मोठं आणि लहान रोमन अक्षर एकच मानलं जातं, लिनक्सवर ती दोन वेगळी नावं. कोडमध्ये नाव मोठ्या अक्षराने आणि डिस्कवर लहान अक्षराने असेल, तर विंडोजवर दोन वर्षं सुरळीत चाललेली पातळी लिनक्सवर पहिल्याच मिनिटाला कोसळते किंवा पात्रं बिनकपड्यांची, गुलाबी रंगाची दिसतात. एक फाइल दुरुस्त करायला क्षण पुरतो. शेवटी एकदम हजारो फाइलांची तपासणी करायची वेळ आली की मात्र स्टुडिओ हात टेकतो.

तिसरी अडचण ग्राफिक्सची. फक्त विंडोजची डायरेक्ट-थ्रीडी ही ग्राफिक्स-प्रणाली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले शेडर (प्रकाश आणि रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) लिनक्सवरच्या ओपनजीएल किंवा वल्कनवर नेताना सावल्या, पाणी आणि धुकं बिघडतं. चौथी, बिल्ड ज्या यंत्रावर बनतो त्याची: अगदी नव्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या एखाद्या तयार संचावर, बांधलेला बिल्ड जुन्या डिस्ट्रोवर सी लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही म्हणून उघडतच नाही. स्टीम या गेमच्या दुकानाने दिलेल्या ठरावीक लायब्ररींच्या संचाला, म्हणजे लिनक्स रनटाइमला, लक्ष्य ठेवून बांधणं हा यावरचा सरळ उपाय आहे, आणि ज्याने लिनक्सवर आधी काही दिलंय त्याला तो माहीत असतो.

मोहीम चालू असतानाच स्टुडिओला जाहीरपणे विचारा:

‘लिनक्स बिल्ड आत्ता तुमच्याकडे चालतो का? व्हिडिओ, आवाज आणि ऑनलाइनसाठी कोणतं मिडलवेअर आहे, आणि त्याची लिनक्स लायब्ररी तुम्ही तपासली आहे का? लिनक्सवर नेण्याचं काम (पोर्ट) तुमच्याकडेच होणार की बाहेरच्यांकडे? अल्फा आणि बीटामध्ये लिनक्स असेल का? लिनक्स रद्द झालं तर लिनक्ससाठी पैसे दिलेल्यांना परतावा मिळेल का?’

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वांत कामाचा. मोहीम चालू असताना स्टुडिओला पाठीराख्यांची गरज असते, तेव्हा दिलेलं ‘होय’ पुढे हातात राहतं. उत्तर आलं नाही किंवा ‘आम्हाला लिनक्स खूप आवडतं’ एवढंच आलं, तर रक्कम कमी करा किंवा गेम बाजारात येईपर्यंत थांबा. किकस्टार्टरवर मोहीम संपेपर्यंत प्लेज, म्हणजे पैसे द्यायचं कबूल केलेलं, मागे घेता येतं. अपवाद शेवटच्या २४ तासांचा: तुमच्या माघारीने मोहीम लक्ष्याच्या खाली जाणार असेल तर तेव्हा अडतं. म्हणून निर्णय दोन दिवस आधीच घ्या.

स्टुडिओचा इतिहास पाहायला दहा मिनिटं लागतात. त्यांच्या आधीच्या गेमचं स्टीमचं पान उघडा आणि सिस्टिम रिक्वायरमेंट्समध्ये लिनक्सचा टॅब आहे का पाहा. मग स्टीमडीबी या स्टीमची माहिती दाखवणाऱ्या साइटवर त्याच गेमच्या डेपोंची, म्हणजे प्रत्येक प्रणालीच्या फाइल-संचांची, यादी काढा. लिनक्सचा डेपो विंडोजच्या डेपोइतकाच ताजा असेल तर उत्तम. विंडोजला अपडेट मिळत राहिले आणि लिनक्स दोन वर्षांमागे अडकलं असेल, तर तुमच्या वाट्यालाही तेच येण्याची शक्यता धरून चला.

तिसरी पायरी: पुरावा त्याच दिवशी जपून ठेवा

पैसे दिले त्याच दिवशी मोहिमेच्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका आणि पूर्ण पानाची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. लिनक्सचं चिन्ह बऱ्याचदा मजकुरात नसून चित्रात असतं. ते चित्र अर्काइव्हमध्ये उतरलंच असेल असं नाही, म्हणून स्क्रीनशॉटही घ्या.

नेहमी विसरलं जातं ते असं: काही अपडेट फक्त पाठीराख्यांना दिसतात, आणि अर्काइव्हचा रोबोट लॉगिन करून आत जात नाही. त्या अपडेटची एकमेव प्रत तुमच्या ईमेलमध्ये असते. मोहिमेच्या नावाने एक फोल्डर करा, सगळी ईमेल त्यात वळवा आणि काहीही पुसू नका. पैसे कधी कापले गेले, किती, कोणत्या कार्डावरून, गेम पोचवण्याचा अंदाजे महिना कोणता दिला होता, या चार गोष्टी त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. स्टुडिओच्या स्वतःच्या वेबसाइटवरचं प्रश्नोत्तरांचं पानही जपा. लिनक्सचं नाव गुपचूप गळतं ते बहुधा तिथून.

चौथी पायरी: सर्वेक्षण भरताना गफलत टाळा

मोहीम संपल्यावर काही महिन्यांनी सर्वेक्षण येतं आणि कोणता प्लॅटफॉर्म हवा ते विचारतं. स्टीम-की, म्हणजे स्टीमवर गेम मिळवून देणारा कोड, ठराविक प्लॅटफॉर्मपुरती नसते. एकच की त्या गेमचे स्टीमवर असतील तेवढे सगळे बिल्ड देते. म्हणजे ‘लिनक्स’ निवडून तुम्हाला की मिळाली आणि लिनक्स बिल्डच नसला, तर स्टुडिओच्या हिशोबात तुमचं बक्षीस पोचलेलं असतं. तरीही ‘लिनक्स’च निवडा. सर्वेक्षणातले आकडे स्टुडिओ पाहतो, आणि लिनक्सवाल्यांनी सोयीसाठी ‘विंडोज’ लिहिलं की लिनक्सला मागणी नव्हती असं म्हणायला जागा मिळते. डीआरएम-मुक्त, म्हणजे कॉपी-बंदीचं कुलूप नसलेली, प्रत मिळत असेल तर ती कोणत्या दुकानातून येणार आणि तिथे लिनक्सचा इन्स्टॉलर असेल का, हे आधी लिहून विचारा.

की वापरण्याची घाई करू नका. स्टीमचा १४ दिवस आणि २ तासांचा परताव्याचा नियम बाहेरून मिळालेल्या कीला लागू होत नाही. न वापरलेली की मात्र स्टुडिओशी बोलताना उपयोगी पडते, कारण ती रद्द करून पैसे परत देणं त्यांना सोपं जातं.

पाचवी पायरी: बदलते शब्द ओळखा

वचन एका दिवसात मोडत नाही, त्याची भाषा आधी मऊ होत जाते. ‘लिनक्स आवृत्ती’ची ‘लिनक्स सपोर्ट’ होते, मग ‘पीसी आवृत्ती’ होते, मग ‘रिलीजच्या जवळ सांगू’ येतं. बीटा फक्त विंडोजला मिळतो. प्रकाशक बदलतो किंवा एखाद्या दुकानाशी एकमेव विक्रीचा करार होतो. एपिक या कंपनीच्या गेम-दुकानाला लिनक्स क्लायंट, म्हणजे लिनक्सवर चालणारं ॲप, नाही, त्यामुळे असा करार झाला की लिनक्स बिल्ड ठेवायला जागाच उरत नाही. ‘फिनिक्स पॉइंट’ने मार्च २०१९ मध्ये एपिकशी करार जाहीर केला तेव्हा पाठीराख्यांना परतावा देऊ केला होता. अशी खिडकी ठराविक मुदतीची असते. ती उघडली त्या आठवड्यातच ठरवा. लिनक्सबद्दल स्पष्ट उत्तर मिळत नसेल तर पैसे घ्या आणि गेम खरंच लिनक्सवर आला तर तेव्हा विकत घ्या.

बीटा विंडोजपुरता आहे असं कळताच लिहा. बीटा संपल्यावर केलेल्या मागणीला काही अर्थ उरत नाही, कारण तोवर चाचणीचे पैसे खर्च झालेले असतात.

सहावी पायरी: रद्द झाल्याची घोषणा आल्यावर

पहिल्या दिवशी रागाने लिहिलेली शंभर वाक्यं स्टुडिओ वाचत नाही. एक नेमकं पत्र वाचतो. हे मुद्दे इंग्रजीत, मोहिमेच्या साइटवरच्या खासगी संदेशातून पाठवा:

‘अमुक तारखेला मी अमुक रक्कम दिली. मोहिमेच्या पानावर लिनक्स आवृत्ती असेल असं लिहिलं होतं, स्क्रीनशॉट सोबत आहे. अमुक तारखेच्या अपडेटमध्ये ती रद्द झाल्याचं तुम्ही कळवलं आहे. मी लिनक्ससाठीच पैसे दिले होते आणि की वापरलेली नाही. पूर्ण परतावा द्यावा ही विनंती. चौदा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’

एवढंच. दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर बदलून देऊ असं उत्तर आलं तर, तो प्लॅटफॉर्म तुमच्याकडे नसल्यास, तसं लिहून परताव्याची मागणी कायम ठेवा. बदली प्रत एकदा स्वीकारली की बोलणं तिथेच संपतं.

किकस्टार्टर स्वतः पैसे परत करत नाही. पण २०१४ पासूनच्या त्याच्या अटी कामाच्या आहेत. बक्षीस देता येत नसेल तर काय काम झालं, पैसा कुठे गेला आणि काय आडवं आलं हे निर्मात्याने सांगायचं, उरलेली रक्कम बक्षीस न मिळालेल्यांना परत देऊ करायची, आणि यात कसूर झाली तर पाठीराखे कायदेशीर मार्ग धरू शकतात. स्टुडिओला लिहिताना या अटींचा उल्लेख करा. ‘लिनक्ससाठी काय काम झालं’ हा प्रश्न त्या अटींतूनच निघतो, आणि तो जाहीरपणे विचारला तर टाळणं अवघड जातं.

कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागण्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते. ती पैसे कापल्यापासून किंवा वस्तू मिळायला हवी होती त्या तारखेपासून मोजतात, पण मूळ व्यवहाराला फार काळ लोटला की हाही रस्ता बंद होतो. गेम तीन-चार वर्षांनी येतात, म्हणून या मार्गावर फारसा भरवसा ठेवू नका. मुदतीत असाल तरच, पुराव्याच्या फोल्डरसकट अर्ज करा.

सरकारी यंत्रणांकडून काय मिळू शकतं हेही नीट समजून घ्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरलने २०१४ मध्ये पत्त्यांच्या एका जोडाच्या मोहिमेवर खटला भरला, आणि फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये एका बोर्ड गेमच्या मोहिमेवर पहिली कारवाई केली. पहिल्या प्रकरणात बक्षीसं पोचलीच नव्हती, दुसऱ्यात पैसा भलतीकडे खर्च झाला होता. गेम निघाला आणि फक्त लिनक्स गळालं, अशा प्रकरणाला हा मार्ग सहसा पुरत नाही. इथे उपयोगी पडतो तो एकत्र आवाज. सगळ्या लिनक्स पाठीराख्यांनी एकाच आठवड्यात, प्रत्येकाने आपापली रक्कम आणि तारीख लिहून परतावा मागितला की स्टुडिओला नेमका आकडा दिसतो, आणि तो बहुधा त्यांना परवडणारा असतो.

सातवी पायरी: गेम हातात आहे, तो प्रोटॉनवर चालवा

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून ‘प्रोटॉनवर चालतो की’ हे उत्तर स्टुडिओंना सोपं झालं आहे. ते वचनाची पूर्तता नाही. प्रोटॉनवर गेम चालतो तो व्हॉल्व आणि प्रोटॉन ज्यावर उभं आहे त्या वाइनच्या लोकांच्या मेहनतीने, आणि पुढच्या अपडेटने तो बिघडला तर स्टुडिओवर कसलीच जबाबदारी नसते. स्टुडिओने ‘प्रोटॉनवर आम्ही दर आवृत्ती तपासू आणि तिथल्या तक्रारी स्वीकारू’ असं लेखी दिलं, तर ती मान्य करण्याजोगी तडजोड आहे. बंद पडलेल्या पोर्टपेक्षा ती कितीतरी बरी.

चालवण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर खेळाडूंनी टाकलेले त्या गेमचे ताजे अहवाल वाचा, एकूण दर्जापेक्षा शेवटच्या तीन महिन्यांतले. ऑनलाइन खेळ असेल तर फसवणूक रोखणारी प्रणाली पाहा: ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ते चालू करणं स्टुडिओच्या हातात आहे.

लायब्ररीत गेमवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, कंपॅटिबिलिटी निवडा आणि प्रोटॉनची आवृत्ती सक्तीने लावा. गेमला जुना, दुर्लक्षित लिनक्स बिल्ड असला तरी हेच करता येतं. विंडोजवाल्या मित्रांशी ऑनलाइन खेळताना आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार बहुधा याने सुटते. पण आधी सेव्ह फाइलांची प्रत काढा. युनिटीचे मूळ लिनक्स बिल्ड त्या बहुधा होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, युनिटी-थ्रीडीच्या आत ठेवतात. प्रोटॉनवर त्याच फाइल स्टीमअ‍ॅप्समधल्या कॉम्पॅटडेटा फोल्डरात, गेमच्या क्रमांकाखाली जातात. क्लाउड सेव्ह दोन्हींना जोडेलच असं नाही, आणि चाळीस तासांचा खेळ इथेच हरवतो.

मधल्या दृश्यांऐवजी रंगीत पट्ट्या दिसत असतील तर ती व्हिडिओ कोडेकची अडचण आहे. प्रोटॉनअप-क्यूटी या साधनाने जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची समांतर आवृत्ती बसवून पाहा. गेम उघडून लगेच बंद होत असेल तर लॉग, म्हणजे काय बिघडलं त्याची नोंद, काढा: प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन’ आणि ‘लॉग’ हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि १, मग एक मोकळी जागा आणि दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये ‘कमांड’ हा शब्द लहान रोमन अक्षरांत. लॉग होम फोल्डरात गेमच्या क्रमांकासह उमटतो. त्याचा शेवटचा भाग, तुमचं ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती आणि प्रोटॉनची आवृत्ती एवढं जोडून प्रोटॉनच्या तक्रारी नोंदवायच्या गिटहब पानावर त्या गेमच्या नोंदीखाली टाका आणि तीच प्रत स्टुडिओलाही पाठवा. विषयात लिहा: ‘लिनक्स पाठीराखा, अमुक मोहीम, चालत नाही.’